ऑटोकॅडमध्ये टायटल ब्लॉक आणि टेम्पलेट : क्रम कोणता आणि चुकतं कुठे

बहुतेक ड्रॉइंग ऑफिसांत टेम्पलेट, म्हणजे प्रत्येक नवं ड्रॉइंग जिच्यावरून सुरू करायचं अशी तयार फाइल असते, पण काम तिच्यावरून होत नाही. मागच्या महिन्यातलं एखादं ड्रॉइंग उघडायचं, सेव्ह ॲज करायचं, जुने व्ह्यू पुसायचे आणि टायटल ब्लॉकमधली, म्हणजे कागदाच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या तक्त्यातली, नावं बदलायची, असं चालतं. त्यातून जुना पार्ट नंबर किंवा जुनं मटेरियल नव्या ड्रॉइंगवर राहून जातं. सगळ्यात वाईट म्हणजे जुन्या मंजुरीचं नाव आणि तारीखही राहते. शॉप फ्लोअरवरचा माणूस कागदावर लिहिलेलं खरं मानून मटेरियल कापतो. त्याने तसंच करायला हवं, कारण ड्रॉइंग असतंच त्यासाठी.

जे लोक नीट टेम्पलेट करायला बसतात, त्यांचाही क्रम उलटा पडतो. आधी मॉडेलमध्ये (जिथे पार्ट खऱ्या मापात काढतात) चौकट काढतात, मग ती स्केल करून मोठी-लहान करतात, मग नावं टाकतात आणि कागदाचा विचार शेवटी प्रिंट काढताना करतात. खरा क्रम असा: माहितीची यादी, कागद, स्टाइल, चौकट, ॲट्रिब्यूट (भरायची घरं), ब्लॉक (एकत्र बांधलेल्या वस्तू), फील्ड (आपोआप भरणारी माहिती), चाचणी आणि शेवटी सेव्ह. खालचं सगळं ऑटोकॅडसाठी आहे, मिलिमीटरमध्ये आणि ए३ कागद धरून. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत करायची.

## पायरी १ : संगणक लावण्याआधी माहितीची यादी

एका कागदावर तीन रकाने आखा: कोणती माहिती, ती कोण भरणार, ती कुठून येणार. ही पायरी जवळजवळ सगळेच टाळतात आणि पुढचा सगळा त्रास इथूनच सुरू होतो.

सुरुवातीसाठी आयएसओ ७२०० या टायटल ब्लॉकच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा आधार घ्या. २००४ च्या आवृत्तीत आठ गोष्टी अनिवार्य आहेत: मालक कंपनी, ड्रॉइंग क्रमांक, जारी केल्याची तारीख, शीट क्रमांक, शीर्षक, मंजुरी देणारा, तयार करणारा आणि दस्तऐवजाचा प्रकार. मटेरियल, वजन, हीट ट्रीटमेंट, ग्राहकाचा पार्ट नंबर या यादीत नाहीत. ते आपल्या कामाप्रमाणे आपण घालायचे. मशीन शॉपसाठी मटेरियल आणि फिनिश हवेतच. फॅब्रिकेशनच्या ड्रॉइंगवर वजन नसेल तर क्रेनवाला फोन करतो.

आता प्रत्येक ओळीचा उगम ठरवा. चार प्रकार पुरतात:

- कधीच न बदलणारी माहिती, म्हणजे कंपनीचं नाव, पत्ता, मालकी हक्काची सूचना. ही साधा मजकूर म्हणून लिहायची, ॲट्रिब्यूट नको.
- ड्राफ्ट्समन दर वेळी टाइप करणार ती माहिती, म्हणजे शीर्षक, मटेरियल, फिनिश.
- सॉफ्टवेअरला आधीच ठाऊक असलेली, म्हणजे शीट क्रमांक, प्रकल्पाचं नाव, व्ह्यूपोर्टचं (कागदावरून मॉडेल दाखवणाऱ्या खिडकीचं) स्केल. यासाठी फील्ड.
- दुसऱ्या माणसाने जबाबदारीने भरायची, म्हणजे तपासलं, मंजूर केलं, जारी केल्याची तारीख.

सावधान: चौथ्या प्रकाराला डिफॉल्ट किंमत कधीच देऊ नका. ‘मंजूर’च्या घरात साहेबांचं नाव आधीच भरून ठेवलं की प्रत्येक कच्चं ड्रॉइंग मंजूर दिसतं. ते घर रिकामं ठेवा किंवा त्यात आडवी रेघ ठेवा.

जनरल टॉलरन्सची, म्हणजे वेगळा टॉलरन्स न लिहिलेल्या मापांना चालणाऱ्या फरकाची, ओळही इथेच ठरवा. कित्येक टायटल ब्लॉकवर ‘आयएसओ २७६८-एमके’ वर्षानुवर्षं तसंच छापलं जातं. त्यातलं ‘एम’ अक्षर भाग १ मधून येतं आणि लांबी व कोनाच्या मापांसाठी असतं. ‘के’ भाग २ मधून येतं आणि भौमितिक टॉलरन्ससाठी असतं. भाग २ आता रद्द झाला असून त्याची जागा २०२१ च्या आयएसओ २२०८१ ने घेतली आहे. नवं टेम्पलेट करताना ती ओळ जशीच्या तशी न उचलता डिझाइन आणि क्वालिटी दोघांना विचारून लिहा.

## पायरी २ : कोरी फाइल आणि युनिट

नवी फाइल मेट्रिक टेम्पलेटवरून, म्हणजे ॲकॅडआयएसओ नावाच्या टेम्पलेटवरून सुरू करा. जुन्या ड्रॉइंगमधून सुरू केलंत तर त्याच्या पोटातले शेकडो लेयर, डायमेन्शन स्टाइल आणि निरुपयोगी ब्लॉक नव्या टेम्पलेटमध्ये येतात आणि तिथून प्रत्येक नव्या ड्रॉइंगमध्ये जातात.

दोन व्हेरिएबल लगेच तपासा. इन्सयुनिट्स ४ हवं, म्हणजे मिलिमीटर. मेजरमेंट १ हवं, नाहीतर तुटक रेघा आणि हॅच इंचाच्या फाइलमधून येतात आणि सेंटर लाइन सलग दिसू लागते. इन्सयुनिट्स चुकलं तर बाहेरून आणलेला ब्लॉक २५.४ पट मोठा किंवा तितकाच लहान होऊन येतो. असं झालं की लोक स्केल कमांडने तो ‘दुरुस्त’ करतात आणि चूक फाइलमध्ये कायमची राहते.

## पायरी ३ : आधी पेज सेटअप, मग रेघ

लेआउट टॅबवर, म्हणजे कागदाच्या पानावर, जा. टायटल ब्लॉक लेआउटमध्येच असतो, १:१ मध्ये, खऱ्या कागदाच्या मापात. पार्ट पाच मीटरचा असो की पाच मिलिमीटरचा, टायटल ब्लॉकचं माप बदलत नाही. स्केल द्यायचं ते व्ह्यूपोर्टला.

पेज सेटअप मॅनेजरमध्ये नवा सेटअप करा आणि त्याला ‘ए३-पीडीएफ’ असं कळेल ते नाव द्या. प्रिंटर ‘डीडब्ल्यूजी टू पीडीएफ’, कागद आयएसओ फुल ब्लीड ए३ आडवा, म्हणजे ४२० × २९७. प्लॉट एरिया ‘लेआउट’, स्केल १:१, ऑफसेट शून्य, प्लॉट स्टाइल (छापताना रेघ कशी दिसेल ते) मोनोक्रोम.

फुल ब्लीड का, हे समजून घ्या, कारण सर्वाधिक चुका इथे होतात. लेआउटचा ०,० बिंदू कागदाच्या कोपऱ्यावर नसून छपाईयोग्य भागाच्या कोपऱ्यावर असतो. साध्या ए३ मध्ये त्या भागाभोवती प्रिंटरचा समास असतो, त्यामुळे ०,० पासून काढलेली चौकट कागदावर सरकते आणि उजवीकडची रेघ कापली जाते. फुल ब्लीडमध्ये समास शून्य असल्याने ०,० म्हणजे कागदाचा खरा डावा-खालचा कोपरा.

तपासा: पांढऱ्या कागदाच्या आत तुटक चौकट दिसते का? फुल ब्लीड बरोबर लागलं असेल तर ती कागदाच्या कडेवरच बसते, वेगळी दिसत नाही.

इथेच प्लॉट स्टाइलची पद्धत सीटीबी की एसटीबी तेही ठरवून टाका. पहिल्यात रेघेची प्लॉट स्टाइल रंगावरून ठरते, दुसऱ्यात नावावरून. एक ड्रॉइंग एकाच पद्धतीचं असू शकतं आणि बदलायचं झालं तर कन्व्हर्टपीस्टाइल्स कमांड चालवावी लागते. तुमच्या ग्राहकांकडून येणारी ड्रॉइंग ज्या पद्धतीची असतील, तीच घ्या. आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांत ती सीटीबी असते.

## पायरी ४ : टेक्स्ट स्टाइल आणि लेयर

लेयर मोजकेच ठेवा: चौकटीसाठी एक, टायटल ब्लॉकसाठी एक, व्ह्यूपोर्टसाठी एक. व्ह्यूपोर्टच्या लेयरचं प्लॉट बंद करा. व्ह्यूपोर्ट थेट डेफपॉइंट्स लेयरवर टाकायची सवय सोडा, कारण त्या लेयरवर डायमेन्शनचे बिंदूही असतात आणि कुणी तो लेयर हाताळला की गोंधळ होतो.

दोन टेक्स्ट स्टाइल पुरतात, एक नेहमीची आणि लागलीच तर एक मराठीची. घरांच्या लहान नावांसाठी आणि भरलेल्या माहितीसाठी फॉन्ट एकच ठेवा, उंची वेगळी: नावं १.८, माहिती ३.५, शीर्षक आणि ड्रॉइंग क्रमांक ५. स्टाइलच्या खिडकीत उंची शून्य ठेवा, म्हणजे ती प्रत्येक ठिकाणी वेगळी देता येते. टायटल ब्लॉकची कुठलीही टेक्स्ट ॲनोटेटिव्ह (स्केलप्रमाणे आपोआप लहान-मोठी होणारी) करू नका. लेआउटमध्ये १:१ वर असलेल्या मजकुराला त्याची गरज नाही.

टायटल ब्लॉकवर मराठी लागत असेल, उदाहरणार्थ सरकारी कामाच्या नकाशांवर, तर ऑटोकॅडच्या एसएचएक्स फॉन्टचा उपयोग नाही; त्यात देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. मंगल किंवा निर्मला यूआयसारखा युनिकोड फॉन्ट मराठीसाठी वेगळ्या स्टाइलमध्ये ठेवा. युनिकोड नसलेले जुने मराठी फॉन्ट तर बिलकूल नकोत, कारण दुसऱ्याच्या संगणकावर त्यांची इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पीडीएफ काढून ‘क्षेत्रफळ’, ‘दुरुस्ती’, ‘प्रकल्प’ अशी जोडाक्षरं आणि उकार असलेले शब्द नीट येतात का, ते पाहा.

## पायरी ५ : चौकट

कागदाच्या मापांच्या आयएसओ ५४५७ या मानकाप्रमाणे डावीकडे २० मिमी समास सोडायचा, कारण तिथे फाइलसाठी भोकं पडतात. बाकी तीन बाजूंना १० मिमी. म्हणजे ए३ वर चौकट २०,१० पासून ४१०,२८७ पर्यंत, आत मोकळी जागा ३९० × २७७. रेघेची जाडी ०.७.

कडेचे संदर्भ-विभाग (ड्रॉइंगवरची जागा सांगायला आखलेले अक्षर-आकड्यांचे भाग) ५० मिमीचे असतात आणि ते मध्यखुणेपासून दोन्हीकडे मोजायचे, कोपऱ्यापासून नव्हे. ए३ वर आडवे आठ आणि उभे सहा येतात. उभ्या अक्षरांत ‘आय’ आणि ‘ओ’ वगळायचे, कारण ते एक आणि शून्यासारखे वाचले जातात.

चौकट आणि टायटल ब्लॉक हे दोन वेगळे ब्लॉक करा. चौकट कागदाप्रमाणे बदलते, टायटल ब्लॉक बदलत नाही. आयएसओ ७२०० मध्ये टायटल ब्लॉकची रुंदी १८० मिमी आहे. उभ्या ए४ मधून २० आणि १० चे समास वजा केले की नेमके १८० उरतात, म्हणून एकच टायटल ब्लॉक ए४ पासून ए० पर्यंत चालतो. दोन्ही एकत्र केले तर पाच आकारांसाठी पाच टायटल ब्लॉक सांभाळावे लागतात आणि एखादं घर वाढवायचं झालं की एक तरी विसरतो.

## पायरी ६ : रेघा आणि ॲट्रिब्यूट

टायटल ब्लॉकच्या रेघा शून्य लेयरवर काढा. शून्य लेयरवरच्या वस्तू ब्लॉक ज्या लेयरवर टाकाल त्याचे गुण घेतात. पुढे रंग किंवा जाडी बदलायची झाली तर एका ठिकाणी बदलून भागतं.

आता ॲटडेफ कमांडने एकेक ॲट्रिब्यूट ठेवा. प्रत्येकाला तीन गोष्टी लागतात. टॅग हे आतलं नाव, त्यात मोकळी जागा चालत नाही. प्रॉम्प्ट म्हणजे भरणाऱ्याला दिसणारा प्रश्न. तिसरी डिफॉल्ट किंमत. टॅग पहिल्याच दिवशी पक्के करा आणि मग कधीही बदलू नका. पुढे डेटा एक्स्ट्रॅक्शनने ड्रॉइंगची यादी एक्सेलमध्ये काढाल, तेव्हा एका ड्रॉइंगमध्ये ‘एमएटीएल’ आणि दुसऱ्यात ‘मटेरियल’ असा टॅग असेल तर यादीत दोन रकाने तयार होतात आणि दोन्ही अर्धवट भरलेले असतात.

प्रॉम्प्ट मात्र मोकळ्या मनाने लिहा. ‘मटेरियल’ एवढंच लिहिण्यापेक्षा ‘मटेरियल, ग्रेडसकट’ लिहिलं तर नव्या मुलाला विचारायला उठावं लागत नाही.

अलाइनमेंट ‘मिडल लेफ्ट’ ठेवा. शीर्षक घराबाहेर जाऊ नये म्हणून अनेक जण ‘फिट’ निवडतात. लांब नाव त्यात दाबून बसतं खरं, पण ‘पिन’सारखं छोटं नाव घरभर ताणलं जातं. लांब शीर्षकासाठी मल्टिपल लाइन्स मोड वापरा आणि रुंदी ठरवून द्या.

मोडपैकी तीन लक्षात ठेवा. ‘लॉक पोझिशन’ सगळ्यांना लावा, नाहीतर ग्रिप धरून कुणीतरी ड्रॉइंग क्रमांक हलवतो. ‘प्रीसेट’ लावलेला ॲट्रिब्यूट प्रश्न न विचारता डिफॉल्ट घेतो, पण नंतर बदलता येतो. फील्ड असलेल्या घरांना हाच लावायचा. ‘कॉन्स्टंट’ नंतर बदलता येत नाही, म्हणून त्याऐवजी साधा मजकूर बरा.

प्रोजेक्शनचं चिन्ह वेगळा लहान ब्लॉक ठेवा. आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतो, अमेरिकी ग्राहकाला थर्ड अँगल लागतो. चिन्ह टायटल ब्लॉकमध्ये पक्कं कोरलं तर व्ह्यू एका पद्धतीचे आणि चिन्ह दुसऱ्या पद्धतीचं असं ड्रॉइंग एक दिवस बाहेर पडतं, आणि पार्ट आरशातल्यासारखा उलटा बनतो.

लोगो शक्यतो रेघांनी काढून घ्या. चित्राची फाइल जोडली की तिचा पाथ तुटतो आणि ग्राहकाकडे लोगोच्या जागी फाइलचं नाव छापून येतं.

## पायरी ७ : ब्लॉक करणं

ब्लॉक कमांड द्या आणि बेस पॉइंट टायटल ब्लॉकचा उजवा-खालचा कोपरा घ्या. ए३ वर तो ४१०,१० ला बसेल आणि दुसऱ्या आकाराच्या चौकटीतही त्याच कोपऱ्याला लागेल.

वस्तू निवडताना आधी रेघा निवडा, मग ॲट्रिब्यूट एकेक करून, ज्या क्रमाने प्रश्न यायला हवेत त्या क्रमाने. खिडकी ओढून एकदम निवडले तर क्रम तुमच्या हातात राहत नाही आणि मटेरियलनंतर शीट क्रमांक, मग शीर्षक असं काहीही विचारलं जातं. आधीच तसं झालं असेल तर बॅटमन कमांडमध्ये क्रम वर-खाली करता येतो.

तपासा: ब्लॉक टाकल्यावर प्रश्नच आले नाहीत तर ॲटरेक शून्य आहे, ते १ करा. प्रश्न कमांड लाइनऐवजी खिडकीत हवे असतील तर ॲटडिया १ करा. टायटल ब्लॉकवर डबल-क्लिक केल्यावर ॲट्रिब्यूट एडिटर उघडला पाहिजे. त्याऐवजी ब्लॉक एडिटर उघडला तर तुम्ही ॲट्रिब्यूटऐवजी साधा मजकूर टाकला आहे.

टायटल ब्लॉक एक्सरेफ (बाहेरून जोडलेली फाइल) म्हणून जोडायचा विचार असेल तर तो फक्त चौकटीपुरता ठेवा. एक्सरेफमधले ॲट्रिब्यूट भरता येत नाहीत.

## पायरी ८ : फील्ड, पण जपून

डिफॉल्ट किमतीच्या शेजारच्या बटणावरून ॲट्रिब्यूटमध्ये फील्ड घालता येतं. शीट सेट (प्रकल्पाच्या सगळ्या शीटची एकत्र यादी) वापरत असाल तर करंट शीट नंबर, करंट शीट टायटल ही फील्ड घ्या. टेम्पलेटमध्ये त्यांच्या जागी चार आडव्या रेघा दिसतील, आणि तो दोष नाही. लेआउट शीट सेटमध्ये गेला की किंमत येते. चार हॅश दिसले तर मात्र फील्डचा संदर्भ तुटला आहे.

शीट सेट वापरत नसाल तर डीडब्ल्यूजीप्रॉप्स उघडून कस्टम टॅबमध्ये प्रकल्प, ग्राहक, ऑर्डर क्रमांक अशी नावं तयार करा आणि फील्ड त्यांना जोडा. एका फाइलमध्ये सहा शीट असल्या तरी ग्राहकाचं नाव एकदाच भरावं लागतं.

तीन फील्ड सर्रास चुकीच्या जागी वापरली जातात.

तारीख. जारी केल्याच्या तारखेला ‘सेव्ह डेट’ फील्ड लावू नका. कुणी फाइल नुसती उघडून सेव्ह केली तरी तारीख बदलते आणि कागदावरची व फाइलमधली तारीख जुळत नाही. ही तारीख माणसानेच भरायची. प्लॉटची तारीख हवी असेल तर चौकटीबाहेर बारीक अक्षरांत ठेवा.

ड्रॉइंग क्रमांक. फाइलच्या नावावरून क्रमांक घ्यायचा असेल तर फाइलच्या नावांची शिस्त लागते. फाइलचं नाव ‘ब्रॅकेट फायनल नवीन’ असेल तर तेच ड्रॉइंग क्रमांकाच्या घरात छापलं जाईल. अशी शिस्त नसलेल्या ऑफिसात क्रमांक टाइप केलेलाच बरा.

स्केल. व्ह्यूपोर्टच्या कस्टम स्केलला फील्ड जोडता येतं आणि ते छान चालतं, पण तो व्ह्यूपोर्ट पुसून नवा टाकला की हॅश येतात. एका शीटवर दोन-तीन स्केल असतील तर टायटल ब्लॉकमध्ये मुख्य स्केलच द्या आणि बाकीची प्रत्येक व्ह्यूखाली लिहा.

## पायरी ९ : चाचणी

सेव्ह करण्याआधी या गोष्टी करून पाहा:

१. मॉडेलमध्ये १०० × १०० चा चौकोन काढा, व्ह्यूपोर्ट १:२ करून लॉक करा आणि पीडीएफ काढा. पीडीएफ कागदावर ‘ॲक्चुअल साइझ’ने छापा. पट्टी लावल्यावर चौकोनाची बाजू ५० आणि टायटल ब्लॉकची रुंदी १८० यायला हवी. थोडं कमी आलं तर बहुधा छापताना ‘फिट’ राहिलं आहे, टेम्पलेट बरोबर आहे.
२. तुमच्या ऑफिसातलं सगळ्यात लांब शीर्षक आणि सगळ्यात लांब मटेरियल भरून पाहा.
३. मॉडेलमध्ये एक सेंटर लाइन काढा आणि ती लेआउटमध्ये तुटक दिसते का ते पाहा. वेगवेगळ्या स्केलच्या व्ह्यूपोर्टमध्ये ती सारखी दिसावी यासाठी पीएसएलटीस्केल १ हवं.
४. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडा. फॉन्ट आणि प्लॉट स्टाइलची फाइल तिथे नसेल तर ते इथेच कळतं.
५. टेम्पलेट न बनवलेल्या सहकाऱ्याला काहीही न सांगता टायटल ब्लॉक भरायला द्या. तो जिथे थांबेल, तिथला प्रॉम्प्ट सुधारा.

## पायरी १० : सेव्ह, जागा आणि नंतरचे बदल

चाचणीचा कचरा पुसा. ऑडिट (फाइलमधल्या चुका शोधणारी) आणि पर्ज (वापरात नसलेलं काढणारी) या कमांड चालवा, पण पर्जमध्ये लागणाऱ्या टेक्स्ट आणि डायमेन्शन स्टाइल उडणार नाहीत हे पाहा. वापरात नसलेली स्टाइल पर्जला निरुपयोगीच वाटते. मग सेव्ह ॲजमध्ये डीडब्ल्यूटी प्रकार निवडा आणि पर्यायांच्या खिडकीत मेट्रिक ठेवा.

फाइल सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवा आणि ते फोल्डर सगळ्यांसाठी फक्त वाचनाचं करा. मग प्रत्येक संगणकावर ऑप्शन्सच्या फाइल्स टॅबमध्ये टेम्पलेट सेटिंग्ज उघडून दोन ठिकाणी पाथ द्या: टेम्पलेटच्या फोल्डरचा आणि क्यून्यूच्या डिफॉल्ट टेम्पलेटचा. दुसरा राहिला तर ‘नवी फाइल’चं बटण दाबल्यावर तुमचं टेम्पलेट आपोआप येत नाही, आणि लोक पुन्हा जुनं ड्रॉइंग उघडायला लागतात. शीट सेटसाठी त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये शीट क्रिएशन टेम्पलेटही याच फाइलचं लावा.

सावधान: टेम्पलेट बदललं म्हणून आधीची ड्रॉइंग बदलत नाहीत. प्रत्येक ड्रॉइंगमध्ये ब्लॉकची स्वतःची प्रत असते. टायटल ब्लॉकमध्ये घर वाढवलंत तर डब्ल्यूब्लॉक कमांडमध्ये स्रोत ‘ब्लॉक’ निवडून तो वेगळ्या फाइलमध्ये काढा. जुन्या ड्रॉइंगमध्ये इन्सर्टच्या कमांड लाइनवर ब्लॉकचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि त्या फाइलचा पाथ देऊन व्याख्या बदला, मग ॲटसिंक चालवा. ॲटसिंकनंतर नवीन घर डिफॉल्ट किमतीसह येतं आणि आधी भरलेली माहिती टिकते. पण काढून टाकलेल्या ॲट्रिब्यूटची किंमत जाते, आणि कुणी हाताने बदललेली जागा किंवा अक्षरांची रुंदीही मूळपदावर येते. म्हणून ॲटसिंक आधी एका प्रतीवर चालवा, पीडीएफ जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहा आणि मगच बाकीच्या फाइलींना हात लावा. जारी झालेल्या ड्रॉइंगवर हे करायचं असेल तर ते रिव्हिजन टेबलमध्ये नोंदवून आणि तपासणाऱ्याची सही घेऊनच करा.